पाण्यापर्यंतची वाट

दरवर्षी २९ ऑक्टोबरला धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे १४ दरवाजे खाली येतात आणि १ जुलैला पुन्हा वर उचलले जातात. या तारखा पावसाने ठरवलेल्या नाहीत. महाराष्ट्र आणि त्या वेळचा अखंड आंध्र प्रदेश यांच्या भांडणात सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी जो निकाल दिला, त्याने त्या ठरल्या. १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे, हेही त्याच निकालात आहे. बंधाऱ्याची सगळी क्षमता २.७४ टीएमसी. नदीकाठच्या माणसाला या आकड्यांचा अर्थ पायाखाली कळतो. दरवाजे पडले की गोदावरी, म्हणजे या भागात सगळे जिला गंगाच म्हणतात ती, वरच्या अंगाला फुगत जाते. उन्हाळा लागला की मोटारी आणि ऊन मिळून तिला पुन्हा आत ओढतात. पाण्याची कड अशी वर्षभर पुढेमागे सरकत राहते आणि मध्ये उरतो गाळाचा पट्टा. त्यावर कोणी गाळपेर करतो, कोणी टरबूज लावतो. होडीवाल्याला मात्र तो ओलांडायचा असतो.

बाभळीच्या वर उमरी तालुक्यात बळेगावचा बंधारा आहे, त्याच्या वर मुदखेडच्या बाजूला आमदुरा आणि त्याही वर नांदेडला लागून असर्जनजवळ विष्णुपुरी. नदी आता सलग वाहते ती फक्त पावसाळ्यात. बाकीच्या महिन्यांत ती एकामागोमाग अडवलेल्या डोहांत राहते. नांदेडहून होडीने धर्माबादकडे जायचे कोणी मनात आणले, तर प्रत्येक भिंतीपाशी होडी पाण्याबाहेर काढून, भिंतीला वळसा घालून, खाली पुन्हा पाण्यात सोडावी लागेल. म्हणजे गोदावरीवरच्या प्रवासातला सगळ्यात अवघड भाग जमिनीवरचाच. या प्रकरणात आपण वल्ह्याबद्दल फारसे बोलणार नाही. होडीच्या पोटाखाली बसवायच्या दोन चाकांबद्दल बोलू.

उमरी गाव नदीवर नाही. गंगा तालुक्याच्या दक्षिण कडेने जाते, पलीकडे नायगाव तालुका आणि राहेरचे नृसिंहाचे देऊळ. उमरीत होडी घेतली तरी ती आधी टेम्पोने, मग पांदीने, मग शेताच्या बांधावरून काठापर्यंत न्यायची. प्लास्टिकची रंगीत कयाक या काठाला अजून सवयीची झालेली नाही. ती पाहायची तर कोकणात किंवा गोव्यात जावे. पण होडी वजनदार आणि पाणी दूर, ही अडचण कयाकसोबत आलेली नाही. ती इथे जुनीच आहे आणि लोकांनी तिच्यावर आपापले उपाय काढलेले आहेत.

भोई मासेमार लाकडी होडी शक्यतो पाण्याशीच ठेवतो, कारण ती रोज वाहून नेणे परवडत नाही. ज्याला रोज घरी न्यायची आहे तो हलके साधन घेतो, आणि थर्माकोलच्या तराफ्याचा जन्म याच हिशेबातून झाला. एक घनमीटर थर्माकोलचे वजन वीस-पंचवीस किलोच्या आसपास, पण ते पाण्यात नऊशे किलोहून जास्त भार पेलू शकते. डोक्यावर घेऊन बांध उतरता येतो. जायकवाडीच्या फुगवट्यावर गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची मुले अशाच तराफ्यावर बसून शाळेला जात होती, हे वाचून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपणहून दखल घेतली होती. हलकेपणाची ती किंमत आहे: जे साधन डोक्यावरून सहज जाते ते वाऱ्यानेही सहज जाते, आणि कडेने तुकडे पडू लागले की उरलेला तराफा किती भार पेलेल याचा भरवसा नाही.

दुसरा उपाय काहील. गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायची ही भलीमोठी लोखंडी कढई पुराच्या दिवसांत होडी होते. तिच्यात बसून नदी ओलांडणाऱ्या माणसांचे फोटो वर्तमानपत्रांत दर दोन-चार वर्षांनी येतात. चौघांना उचलताना घाम फुटेल इतकी ती जड असते, पण गोल वस्तूला एक फायदा आहे. काठावर उभी केली की ती स्वतःच चाक होते आणि दोन माणसांना गडगडत नेता येते. सीमेपलीकडे तेलंगणात कोळी वापरतात ती टोपलीसारखी ‘पुट्टी’ही गोलच, आणि ती तर पालथी करून एकटा माणूस डोक्यावर घेऊन चालतो. लांबट होडीला या दोन्ही सोयी नाहीत. चार मीटर लांबीची वस्तू डोक्यावर घेतली की वळताना तिचे टोक झाडाला लागते, आणि वारा असेल तर माणूस होडीला नेतोय की होडी माणसाला, ते सांगता येत नाही.

लांबट होडी जमिनीवरून नेण्याची खटपट जगभर झालेली आहे. ग्रीसमध्ये कोरिंथच्या संयोगभूमीवर, ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास, दगडी फरसबंद रस्ता बांधला होता. त्यावरून गलबते आणि त्यांचा माल एका समुद्रातून दुसऱ्या समुद्राकडे ओढत नेत. लांबी सहा ते आठ किलोमीटर, आणि दगडांत चाकोऱ्या आजही दिसतात. १४५३ च्या २२ एप्रिलला सुलतान दुसऱ्या मेहमेदने कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्यात सत्तरच्या आसपास जहाजे चरबी लावलेल्या ओंडक्यांवरून टेकडीपलीकडे नेऊन गोल्डन हॉर्नच्या पाण्यात उतरवली. खाडीच्या तोंडाशी बायझंटाइनांनी साखळी ओढून ठेवली होती. ती जागच्या जागीच राहिली. आपल्या कोकणातल्या होड्याही पावसाळ्याआधी ओंडक्यांवरूनच किनाऱ्यावर चढतात आणि शाकारून ठेवल्या जातात. ओंडका म्हणजे आस नसलेले चाक. मागचा मोकळा झाला की उचलून पुढे टाकायचा. माणसे पुष्कळ आणि अंतर थोडे असेल तर याहून चांगले काही नाही.

कॅनडातल्या फरच्या व्यापाऱ्यांना चाक वापरताच येत नव्हते. जंगल, दलदल, खडक. सुपीरिअर सरोवराजवळची ‘ग्रँड पोर्टेज’ ही वाट १३.७ किलोमीटरची. तिच्यावरून माल वाहणारे गडी पाठीवर एकेक ४१ किलोचे गाठोडे, आणि एका वेळी अशी दोन, घेऊन चालत. भोजपत्राच्या झाडासारख्या बर्च झाडाच्या सालीची कॅनू खांद्यावरून जायची. हौशी प्रवासाची कॅनू लोकप्रिय केली ती स्कॉटिश वंशाच्या जॉन मॅकग्रेगर यांनी. १८६५ मध्ये ‘रॉब रॉय’ नावाची आपली १५ फुटी होडी घेऊन ते युरोपभर हिंडले. होडीचे वजन ८० पौंड, म्हणजे ३६ किलो. नदी संपली की ती रेल्वेत चढवायची, नाहीतर गाडीवर टाकायची; व्होज पर्वत त्यांनी असाच पार केला. पुढच्या वर्षी आलेल्या त्यांच्या पुस्तकाने इंग्लंडात कॅनू चालवण्याची लाटच आणली. हौशी माणसाची एकट्याने नेता येईल अशी होडी तिथून सुरू होते, आणि एकट्याने न्यायची म्हटली की गाडा आलाच.

शर्यतीच्या होड्यांचे गणित वेगळे. कॅनू मॅरेथॉनमध्ये एकट्याच्या कयाकचे किमान वजन ८ किलो. स्पर्धक ती खांद्यावर घेऊन चक्क पळतात. इंग्लंडमधली डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर ही शर्यत २०० किलोमीटरची आहे आणि वाटेत ७७ ठिकाणी होडी उचलावी लागते. तिथे गाडा जोडत बसणारा मागेच राहील. चांदवड तालुक्यातल्या दुष्काळी तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारच्या होडीत बसले तिचेही किमान वजन १४ किलोच असते. आपल्याला मिळणारी साधी, वरून बसायची प्लास्टिक कयाक मात्र वीस ते तीस किलोची, दोघांची असेल तर पस्तीसपर्यंत. ही खांद्यावर घेऊन पांदीने एक किलोमीटर चालायचे धाडस ज्याला करावेसे वाटते त्याने एकदा जरूर करावे, म्हणजे पुढची पाने तो मन लावून वाचेल.

आता हिशेब मांडू. कयाक, वल्हे, लाइफ जॅकेट, पाण्याची बाटली मिळून ३५ किलो धरा. कोरड्या जमिनीवर फरफटत ओढली तर घर्षणापोटी साधारण पंधरा किलोचा जोर लागतो, आणि खड्यांनी होडीचे पोट खरवडले जाते ते वेगळेच. तीच होडी दोन चाकांवर ठेवून डांबरी रस्त्यावर ओढली, तर जोर अर्ध्या किलोच्या आसपास. एका बोटाचे काम. पण चाक मऊ वाळूत शिरले की तोच आकडा सहा-सात किलोंवर जातो. दहात एक असा चढ लागला तर त्यात साडेतीन किलोंची भर. म्हणजे गाड्याचा गुण चाकात जितका आहे तितकाच चाकाखालच्या जमिनीत आहे. दुकानातल्या फरशीवर सगळेच गाडे चांगले चालतात.

चाके होडीच्या कोणत्या भागाखाली ठेवायची, यावर बरेच काही अवलंबून असते. २८ किलोची, चार मीटर लांबीची रिकामी होडी घ्या. गाडा शेपटाला बांधला आणि पुढचे टोक हातात धरले, तर निम्मे वजन, म्हणजे १४ किलो, हातावर येते. गाडा बरोबर मध्यावर, होडी तोलते त्या जागी ठेवला तर हातावर काहीच येत नाही, पण मग होडी डुलते आणि दर खड्ड्याला तिचे नाक वरखाली होते. मध्यापासून तीसेक सेंटिमीटर मागे ठेवला तर हाताला साडेतीन-पावणेचार किलो लागतात. एवढा भार असावा. त्याने होडी हातात राहते. बैलगाडी भरणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. माल पुढे जास्त झाला तर जू बैलाच्या मानेवर बसते, मागे जास्त झाला तर गाडी उलार होते, आणि कडब्याची शेवटची पेंढी कुठे टाकायची हे तो नजरेने ठरवतो. कयाकच्या पुस्तिकांमध्ये जे आकृत्या काढून समजावलेले असते, ते इथे दहा वर्षांच्या पोराला ठाऊक असते.

शेपटाला बांधायच्या छोट्या गाड्यांची आणखी एक अडचण बांधावर कळते. मागे चाके, पुढे माणूस, आणि मध्ये बांधाचा उंचवटा. होडीचे पोट बांधावर टेकते आणि गाडा अधांतरी राहतो. मध्याजवळचा गाडा बांध सहज ओलांडतो. घाटाच्या पायऱ्यांवर मात्र कोणताच गाडा उपयोगाचा नाही. पायरीची उंची चाकाच्या त्रिज्येइतकी किंवा जास्त असेल, तर सरळ आडवे ओढून चाक कधीच चढत नाही. उंची त्रिज्येच्या निम्मी असली तरी भाराच्या पावणेदोन पट जोर लागतो. पायरी असते १५ ते १८ सेंटिमीटर आणि गाड्याच्या चाकाचा व्यास २५-३०. तेव्हा नांदेडच्या किंवा राहेरच्या घाटावर होडी दोघांनी उचलावी, नाहीतर लांब फळी टाकावी. उतारावर होडीच्या पुढे राहू नये. तिला पुढे सोडून आपण मागून दोर धरून उतरावे, नाहीतर ती पोटरीत बसते.

मग येते काळी माती. मराठवाड्यात होडीचा गाडा करायचा तर परदेशी नमुने इथेच फसतात. या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला हात शिरेल अशा भेगा पडतात, आणि बारीक चाक भेगेत गेले की आस वाकते. पावसाळ्यात उलटा त्रास. माती चाकाला धरते, थरावर थर चढतो, चाक आणि चौकट यांच्यातली फट भरते आणि चाक फिरायचे थांबते. मग ते चाक राहत नाही, नांगर होते. म्हणून चाकावर मडगार्डसारखे काहीही नको, आणि चौकटीपासून चाक चांगले चार बोटे दूर हवे. पाऊस पडून गेल्यावर जमीन वाफशावर येईपर्यंत थांबता आले तर उत्तम. शेतकरी औत घालायला थांबतो त्याच कारणासाठी होडीवाल्यानेही थांबावे.

गाळात आणि वाळूत रुंद, मऊ टायर लागतो. टायरमधली हवा जितक्या दाबाची, साधारण तितक्याच दाबाने तो जमीन दाबतो. सायकलच्या टायरमध्ये चाळीस-पन्नास पौंड दाबाची हवा असते, म्हणून सायकल वाळूत रुतते. वाळूसाठी मिळणारी फुग्यासारखी जाड चाके दोन ते चार पौंडांवर चालतात आणि वाळूवर जवळजवळ तरंगत जातात. ही चाके महाग असतात. आणि आपल्याकडे त्यांचे दोन शत्रू आहेत: सराटा आणि वेडी बाभूळ. गावाबाहेरच्या पडीक जमिनीवर आणि नदीच्या उतारावर वेड्या बाभळीने असे काही पाय पसरले आहेत की, तिचा काटा जिथे नाही अशी पाण्यापर्यंतची वाट क्वचितच सापडेल. भरीव टायरवाल्या चाकाला, म्हणजे हवा नसलेल्या, आतून फोम भरलेल्या चाकाला पंक्चर होत नाही. ते वाळूत थोडे जड जाते, पण आमच्या काठाला मी तेच सुचवेन. काठापाशी पोचून पंक्चर काढत बसण्यापेक्षा थोडे जास्त ओढलेले बरे.

एक गमतीची गोष्ट. काठापर्यंतची सगळ्यात पक्की, चाकाला साजेशी वाट बऱ्याचदा वाळू उपसणाऱ्या ट्रॅक्टरांनी पाडलेली असते. महसूल खात्याची पथके वाळू उपसणाऱ्यांचे तराफे पकडतात, जाळतात, पण चाकोऱ्या राहतात. त्या वाटेने गाडा छान जातो. मात्र वाट जिथे पाण्यात शिरते तिथे वाळू काढून झालेले खड्डे असतात, वरून न दिसणारे, एका पावलात माणूस बुडेल असे. तेव्हा वाट वापरावी, पण होडी थोडी बाजूला, काठीने तळ चाचपून सोडावी.

गाडा बनवणे अवघड नाही. उमरीसारख्या तालुक्याच्या गावी वेल्डिंगचे दुकान असते, भंगारात लहान मुलांच्या सायकलींची आणि हातगाड्यांची चाके मिळतात, आणि पाइप तर प्रत्येक शेतात पडलेला असतो. अर्धा-पाऊण मीटर रुंदीची आस, तिच्यावर इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात दोन हात, त्या हातांवर जुन्या ट्यूबचे किंवा फोमचे वेष्टण, आणि होडी बांधायला दोन पट्टे. रुंदी महत्त्वाची, कारण अरुंद गाडा चाकोरीच्या कडेला लागला की कलंडतो. पट्टे होडीच्या पोटाखालून आणि वरून घ्यायचे. आणखी एक पट्टा गाड्यापासून पुढच्या कडीपर्यंत बांधला तर गाडा खड्ड्यात अडकून मागे सरकत नाही. हा तिसरा पट्टा बहुतेक जण विसरतात आणि शंभर पावलांनी आठवतात.

पट्टा आवळण्याच्या बाबतीत हात राखून ठेवावा. या कयाक पॉलिथिलीनच्या असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. तापलेले प्लास्टिक मऊ होते. रॅचेटने कचकचून बांधलेली होडी तासभर उन्हात राहिली तर तिच्या पोटाला पट्ट्याची घडी पडते, आणि ती सहजासहजी जात नाही. वरून बसायच्या कयाकला पाणी निघून जायला आरपार भोके असतात. त्यांत दोन खुंट घालून होडी उभी करण्याचे गाडेही मिळतात. ते चटकन बसतात, पण सगळा भार त्या दोन भोकांच्या कडांवर येतो आणि खडबडीत वाटेवर तिथून प्लास्टिक तडकू शकते. खडी-ढेकळांच्या वाटेला पट्ट्याचाच गाडा बरा. चाकात लोखंडी बेअरिंगपेक्षा साधा नायलॉनचा बुश चांगला, कारण गाडा पाण्यात जाणार, गाळात जाणार. वंगण जास्त घातले तर त्याला वाळू चिकटते आणि तीच मग चाक कातरते.

बंधाऱ्याशी आलो की गाड्याचे काम सोयीपुरते राहत नाही, जिवाशी येते. भिंतीवरून किंवा दरवाजाखालून पडणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरते: वरचा थर भिंतीकडे परत येतो, खालचा पुढे जातो. त्यात सापडलेली होडी भिंतीकडेच ओढली जाते आणि पोहणारा माणूस पुन्हा पुन्हा खाली जातो. वरून पाहिले तर हे पाणी फारसे खवळलेलेही दिसत नाही. म्हणून वरच्या अंगाला भिंतीच्या बऱ्याच अलीकडे बाहेर पडायचे आणि खालच्या अंगाला, फेस संपून पाणी सरळ वाहू लागते तिथून पुढे, पुन्हा उतरायचे. हे अंतर कित्येकदा अर्धा-एक किलोमीटर भरते. चाके नसतील तर थकलेला माणूस ते कमी करायला पाहतो, जरा जवळच उतरतो, आणि तिथेच घात होतो. पावसाळ्यात तर विष्णुपुरीचे दरवाजे कधी उघडतील हे वरच्या पावसावर असते. त्या दिवसांत खालच्या गावांना इशारा दिला जातो तो ऐकावा आणि होडी घरी ठेवावी.

होडी जमिनीवरून नेण्याची सगळ्यात निकडीची वेळ मात्र हौशी माणसावर येत नाही, बचाव पथकावर येते. २०२५ च्या ऑगस्टात मुखेड तालुक्यातल्या हसनाळ, रावणगाव भागात रातोरात पाणी शिरले. राज्य आपत्ती प्रतिसाद दल आले, लष्करालाही बोलवावे लागले. अशा वेळी बोट मालट्रकमधून रस्ता असेपर्यंत येते. पुढे चिखल, शेत, तुटलेला पूल. रबरी बोट आणि तिचे इंजिन मिळून वजन शंभर किलोंच्या पुढे जाते, आणि जी माणसे वल्हवणार तीच ती खांद्यावर घेऊन पाण्यापर्यंत जातात, म्हणजे काम सुरू होण्याआधीच दमतात. त्यांना मोठ्या, रुंद चाकांचा, बिनहवेच्या टायरचा, दोन मिनिटांत जोडता येणारा गाडा हवा. तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानात तो तयार होऊ शकतो. तहसीलच्या गोदामात बोट ठेवतात तिथेच, तिच्या पोटाखाली तो ठेवावा. दुसऱ्या खोलीत कुलूप लावून ठेवलेला गाडा पुराच्या रात्री किल्लीवाल्याला शोधायला लावतो.